राक्षसाचा माणूस करू नये

पुण्यात माझ्या दोन मैत्रिणी आहेत. दोघी भरपूर शिकलेल्या. दोघींचे नवरे भांडी घासत नाहीत, पण घासायला हवीत हे त्यांना तत्त्वतः मान्य आहे. या दोघी अलीकडे एका विशिष्ट प्रकारच्या कादंबऱ्या वाचतात. नायिका साधीसुधी, बँकेत वगैरे नोकरी करणारी, आणि नायक राक्षस. स्वभावाने नव्हे, जन्माने. त्याला शिंगं असतात, कधी शेपटी असते, कातडी निळसर नाहीतर हिरवट, आणि उंची अशी की कुठल्याही फ्लॅटच्या दारातून वाकून आत यावं लागेल. असा हा गडी नायिकेवर जीव ओवाळून टाकतो, आणि माझ्या मैत्रिणी ऑफिसच्या बसमध्ये मोबाईल छातीशी धरून ते वाचतात.

एकदा जेवताना विषय निघाला की बायकांना हे असलं का आवडत असावं. दडपलेल्या इच्छा, अज्ञाताचं आकर्षण, असे जड शब्द ताटांवरून इकडे-तिकडे गेले. मी उसळ वाढून घेत म्हटलं, याचं उत्तर मला माहीत आहे, मी ते जनावरांच्या छावणीत शिकले. दोघी हसल्या. मी बीडची म्हटलं की लोक एक तर हळहळतात, नाहीतर मी गंमत करतेय असं समजतात. जे तेव्हा सांगितलं नाही ते इथे सांगते.

मी अंबाजोगाईला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आदल्या वर्षी पाऊस तोंडाला पानं पुसून गेला होता, आणि उन्हाळ्यात होस्टेलची बोअर आटली. पाण्याची सोय होईपर्यंत मुलींनी घरी राहून अभ्यास करावा, असं आम्हाला सांगण्यात आलं. घरी आले तर गोठा रिकामा. दोन बैल, म्हैस आणि तिची रेडी दुष्काळी चारा-छावणीत गेली होती, आणि त्यांच्या पाठोपाठ माझी आत्या. वडिलांनी मला एक दिवस टेकू दिलं आणि म्हणाले, "तू बी जा छावणीवर. ती एकटी पडलीय. अभ्यास काय, कुठं बी होतोय."

छावणी नांदूरघाटकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, माळावर होती. ती चालवायला घेतली होती आमच्या भागातल्या महिला दूध उत्पादक सहकारी संस्थेने. बांबू रोवून वर हिरवी जाळी ताणलेली, तिच्याखाली जनावरांच्या लांबच लांब रांगा, प्रत्येकाच्या कानात बिल्ला, मधोमध पाण्याचा हौद, आणि एका टोकाला संस्थेचं पत्र्याचं ऑफिस. नियम असा होता की जनावरांमागे घरटी एक माणूस छावणीत मुक्कामाला पाहिजे. आता घरातलं कुठलं माणूस पाठवायचं? जे घरी नसलं तरी कुणाचं अडत नाही, ते. त्यामुळे छावणीत म्हाताऱ्या होत्या, विधवा होत्या, नांदायला न गेलेल्या होत्या, आणि आता एक बी.ए. द्वितीय वर्ष. पुरुष सकाळी फटफटीवर डबा घेऊन यायचे, बैलाच्या पाठीवर थाप मारायचे, त्याने चारा नीट खाल्ला का विचारायचे, आणि जायचे. आमची चौकशी वेळ उरला तर.

आत्या वडिलांची धाकटी बहीण, तेव्हा तिशीच्या आसपास. तिचं लग्न घाईत झालं होतं. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळी जमवणारा मुकादम सहसा दारात उभं करत नाही. आत्याच्या नवऱ्याला हंगामाआधी पुरा कोयता व्हायचं होतं, म्हणून दिवाळीच्या तोंडावर लग्न लागलं आणि हळद निघायच्या आत ती उसाच्या फडात उभी होती. काही हंगाम तिने काढले. मग एका नागपंचमीला माहेरी आली ती परत गेलीच नाही. तिचं डावं मनगट जरा वाकडं जुळलेलं होतं. "मोळी पडली हातावर," असं ती सांगायची, आणि आमच्या घरात सगळ्यांनी ते खरं मानायचं ठरवलं होतं.

नवऱ्याने दुसरी केली नव्हती. चांगुलपणा म्हणून नव्हे. त्याला मिळाली नाही. म्हणजे आत्याच्या नावाने दार अजून उघडं होतं, आणि पाऊस पडो न पडो, पुढच्या हंगामाआधी तिला घालवायची असं घरात हळू आवाजात बोललं जात होतं. आई म्हणायची, "किती दिवस ठेवायची?" वडील म्हणायचे, "बघू." आमच्या वडिलांचं 'बघू' म्हणजे 'हो' असायचं, फक्त सावकाश.

छावणीत दुपार फार मोठी असायची. चारा टाकून झाला, शेण काढून झालं, हौदावर जनावरं पाजून झाली, की जाळीखाली नुसतं बसायचं. मी मोबाईलवर कथा वाचायचे. एक ॲप होतं, त्यावर गावोगावच्या हौशी बाया भाग पाडून कथा टाकायच्या. त्यात मला एक सापडली होती. डोंगरातला राक्षस आणि पाण्याला गेलेली मुलगी. भाषा अगदी पोरकट, शुद्धलेखनाच्या नावाने आनंद, पण मी कुलूप लागल्यासारखी त्यात अडकले होते. एका दुपारी मी फिसकन हसले आणि आत्याने चाऱ्यातून मान वर केली.

"काय खिदळतीस गं? कुणाचा मेसेज हाय?"

"मेसेज नाही आत्या, गोष्ट आहे."

"मंग मोठ्यानं वाच. आमाला बी हसू दी."

मी लाजत वाचायला लागले. राक्षस डोंगराच्या पोटात गुहेत राहतो. कपाळावर शिंगं, अंगभर केस, पाठ एवढी रुंद की तिच्यावर चांदणं पसरावं. आणि गुहेत पाण्याचा झरा. इथे आत्याने मला थांबवलं.

"बारमाही?"

"काय?"

"झरा, झरा. बारमाही हाय का उन्हाळ्यात आटतोय?"

कथेत तसं काही लिहिलं नव्हतं. मी म्हटलं, बारमाही. आत्याने एक सुस्कारा टाकला. नायकाची छाती, डोळे, ओठ, सगळं मी आधीच वाचून दाखवलं होतं, पण सुस्कारा निघाला तो झऱ्याला.

दोन-तीन दिवसांत आमच्या रांगेतल्या बाया जमायला लागल्या. शेजारच्या दावणीवर एक म्हातारी होती, दातांची पाटी कोरी, आणि तिचं तोंड असं फटकळ की सकाळी डबा द्यायला येणारे पुरुष तिच्या समोरून लवकर जायचे. पलीकडे बौद्धवाड्यातली एक काकू होती, गावात अंगणवाडीत मदतनीस. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "हे बघ बाळ, आमच्यात राक्षस-भुतं मानत न्हाईत." आणि पोतं अंथरून सगळ्यात पुढे बसली.

या बायांनी त्या कथेची जी चिरफाड केली तशी कुठल्या समीक्षकाने केलेली मी अजून वाचलेली नाही. पहिला प्रश्न म्हातारीचा. "त्याला आई हाय का?" मी म्हटलं, राक्षसाची आई कथेत नाही. "म्हंजी सासू न्हाई," म्हातारीने सगळ्यांना समजावून सांगितलं, आणि रांगेत समाधान पसरलं. मग भावकी आहे का. नाही. दारू? राक्षस दारू पीत नाही, रक्त पितो असं एके ठिकाणी होतं. "रगत पिऊन हात उचलतोय का?" नाही. "मंग पिऊ दे बाई." गुहा कुणाच्या नावावर आहे, हा प्रश्न काकूने काढला आणि त्यावर बराच वेळ गेला. अंगाला वास येतो का, असं एकीने विचारलं तर बाकीच्यांनी तिला गप्प केलं. आम्ही सगळ्या महिनोन्‌महिने शेणात झोपत होतो, आम्ही कुणाचा वास काढावा?

शिंगांचं तर कुणालाच काही वाटलं नाही. मैत्रिणींच्या कादंबऱ्यांत नायिका पहिल्यांदा शिंगं बघते तेव्हा दोन पानं किंचाळते म्हणे. आमच्या रांगेतली प्रत्येक बाई रोज शिंगांच्या मधून हात घालून वेसण सोडत होती. आत्या म्हणाली, "शिंगाला काय भ्यायचं? मारका बैल आधी मान हालवून सांगतोय की. गपचिप उभा राहून मारणारा बैल म्या अजून बघितला न्हाई." माणसाबद्दल ती काही बोलली नाही. सगळ्यांना कळलं आणि सगळ्या थोडा वेळ आपापल्या म्हशीकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या प्रजातीही सुचवल्या गेल्या. मुंजा चालेल का? म्हातारी म्हणाली, नको, तो बिनलग्नाचा मेलेला, त्याला सगळं शिकवण्यात जन्म जायचा. वेताळ? त्याच्यामागे भुतांची पलटण असते, बारा महिने पाहुणे, भाकऱ्या कोण थापणार? नाग? नागाला दूध लागतं आणि दूध संस्थेत घालायचंय. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं की राक्षसच बरा.

कथेतला हा राक्षस रोज तिच्या झोपडीपर्यंत हंडा आणून द्यायचा आणि उंबऱ्याबाहेर थांबून विचारायचा, "आत येऊ का?" ती नाही म्हणायची. तो हंडा ठेवून जायचा. एवढंच. मला हा भाग फार रटाळ वाटत होता, मी तो घाईघाईत उरकत होते. आत्या म्हणाली, "पळू नकू. परत वाच." मी परत वाचलं. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा तोच भाग मागितला, आणि जाता जाता, बाकीच्या उठल्यावर, मला हळूच म्हणाली, "ते पाठीचं बी वाच की. रुंद पाठ हाय म्हणलीस ना?"

मला तेव्हा धक्का बसला, खोटं कशाला बोलू. आमच्या घरात आत्या म्हणजे पहाटे उठणारी, धारा काढणारी, सगळ्यांच्या नंतर जेवणारी एक बाई होती. तिला कुणाची रुंद पाठ हवीशी वाटत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. ती चाऱ्याच्या गंजीला टेकून, डोळे मिटून ऐकत होती, आणि चेहरा असा होता की मला वाचता वाचता इकडे तिकडे बघावंसं वाटलं. मला तिचं फार वाईट वाटलं आणि त्याच वेळी तिचा हेवाही वाटला.

मग व्हायचं ते झालं. कथा लिहिणारी बाई मध्येच गायब झाली. राक्षस उंबऱ्याबाहेर हंडा घेऊन उभा, आणि पुढचा भाग येईना. मी हौदाच्या कठड्यावर चढून, रेंज पकडून, रोज बघायचे. शेवटी म्हातारी म्हणाली, "तू बी.ए. हायस ना? मंग तूच सांग पुढं." मी पुढची गोष्ट मनाने रचायला लागले. पण प्रत्येकीला वेगळं हवं होतं, आणि भांडणं जुंपायची.

इथे आमच्या संस्थेबद्दल सांगायला हवं. संस्था महिलांची, चेअरमन, संचालक, सगळ्या बायका. चेअरमनबाई मी आयुष्यात एकदाच पाहिल्या, एका लग्नात. काम त्यांचे यजमान बघायचे आणि सगळे त्यांनाच चेअरमन म्हणायचे. ते अधूनमधून छावणीवर बैठक घ्यायचे. बायांना पुढे बसवायचं, कारण फोटोत बाया लागतात, मग कर्ण्यावरून ठराव वाचायचा आणि म्हणायचं, "मंजूर का?" 'का' निघायच्या आत सगळ्यांचे हात वर. ही आमची रीत होती. हात वर केले की बैठक संपते आणि भजी येतात, एवढं प्रत्येकीला ठाऊक होतं. एकदा जनावरांची पेंड कमी करायचा ठराव आम्ही असाच हसत हसत, हात वर करून मंजूर केला, भजी खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी पेंड कमी का आली म्हणून ऑफिसवर बोंब ठोकायला गेलो. चेअरमननी शांतपणे सांगितलं, "तुमीच मंजूर केलंय की." म्हातारी त्या दिवशी जे बोलली ते इथे छापता येणार नाही.

तर गोष्टीवरून भांडण लागलं तेव्हा मी चेष्टेने चेअरमनचा आवाज काढला. "शेवटी राक्षसाचा शाप सुटतो, शिंगं गळून पडतात आणि तो देखणा राजकुमार होतो. मंजूर का?" सवयीने सगळ्यांचे हात वर. मी म्हटलं, झालं, मंजूर. आणि मग एकदम कल्ला उठला.

"काय मंजूर झालं?"

"राजकुमार होतो तो."

"आगं ये! आन् शिंगं?"

"गळाली."

"तुला कुणी सांगितलं गाळायला?" म्हातारी जवळजवळ रडकुंडीला आली होती. "एवढं चांगलं चाललं हुतं, कशाला त्याचा माणूस केलास?"

काकू म्हणाली, "हात वर करताना तोंडात भजं हुतं का तुमच्या? म्या केला नव्हता." तिने खरंच केला नव्हता. मग तिच्या सांगण्यावरून फेरविचार झाला. यावेळी मला ठराव सावकाश वाचायला लावला, प्रत्येकीने तो स्वतःच्या तोंडाने पुन्हा म्हणून बघितला, आणि मगच हात. राक्षसाचा माणूस करू नये. सूचक म्हातारी, अनुमोदक आत्या. तेव्हापासून त्या रांगेत गोष्ट अशीच पुढे गेली. विचारून, थांबून, कधी कधी तर एका वाक्यावर दुपार जायची. राक्षसाला स्वयंपाक यावा, हे मंजूर झालं. त्याने तिच्या माहेरच्यांना आयुष्यभर पाणी द्यावं, हे नामंजूर झालं. "तिला द्यावं वाटलं तर ती दील," आत्या म्हणाली, "त्याला कशाला मधी घेता?"

आषाढ उलटला तरी पाऊस नव्हता, आणि मुकादम गावोगाव कोयते जमवत हिंडायला लागले होते. एका सकाळी वडिलांच्या फटफटीमागे एक जीप आली. जीपमधून मुकादम उतरला आणि त्याच्या मागून आत्याचा नवरा. मी त्याला नीट असा पहिल्यांदाच बघत होते. मला वाटलं होतं, काहीतरी विद्रूप असेल. तर माणूस छान. उंच, नाकीडोळी नीटस, बोलायला मऊ, हातात कागदात गुंडाळलेली साडी. त्याने म्हशीची रेडीसुद्धा कुरवाळली. आत्या शेण भरत होती. ती पाटी हातात धरून तशीच उभी राहिली.

चेअरमन त्या दिवशी छावणीवरच होते. चार शहाणी माणसं जमलीत म्हटल्यावर ऑफिसातल्या खुर्च्या आमच्या रांगेसमोर आल्या. पुरुष खुर्च्यांवर, आत्या दावणीला टेकून उभी, आणि आम्ही बाया आपापल्या जनावरांपाशी, कान तिकडे. मुकादम गोड बोलला. झालं गेलं विसरायचं. संसार म्हटल्यावर भांड्याला भांडं लागतं. पोरगा सुधारलाय, आता घेत नाही, घेतलीच तर थोडी. एकट्याला कोण कामावर घेतंय, हे त्याने जरा खालच्या आवाजात सांगितलं. वडील मान खाली घालून काडीने जमिनीवर रेघा ओढत होते. आत्या पाटी धरून नुसती बघत राहिली, तेव्हा मुकादमाचा धीर सुटला.

"आगं, अशी बघतीस काय? काय राक्षस हाय का त्यो तुला खायला? माणूसच हाय की!"

आधी म्हातारीचा आवाज आला, खोकल्यासारखा. मग काकूने पदर तोंडात कोंबला. आणि मग पुरी रांग फुटली. बाया म्हशींच्या गळ्यात पडून हसत होत्या. एक तर खाली बसली आणि तिला उठता येईना. मला हसू आवरेना आणि भीतीही वाटत होती. खुर्च्यांवरचे पुरुष एकमेकांकडे बघत होते. मुकादमाने आपल्या सदऱ्याची बटणं तपासून बघितली. आणि आत्या, जिने आतापर्यंत पाटी हातातून सोडली नव्हती, तीही हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि मग पाटी खाली ठेवून म्हणाली, "माणूस हाय, त्योच तर वांदा हाय ना, मुकादम."

चेअरमनना हसण्याचा अर्थ कळला नाही, पण बैठक हातातून जातेय एवढं कळलं. त्यांनी सवयीने आवाज चढवला. "बरं बरं, पुरं! बायांनो, तुमच्याच रांगेतली बाई हाय, तिचं घर बसतंय. तिनं नांदायला जावं. मंजूर का?"

एकही हात वर झाला नाही. चेअरमननी पुन्हा विचारलं. काकू उभी राहिली आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "साहेब, नांदायचं तिला हाय. आमचे हात कशाला मोजता?"

आत्या पुढे आली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच नवऱ्याकडे सरळ बघून बोलत असावी. "तुमी मला नेयाला आलाव ना? मंग मला इचारा. येतीस का, म्हणून इचारा. एकडाव."

तो हसला, ओशाळं. त्याने मुकादमाकडे बघितलं. साडीचा कागद हातात चुरगळला. ओठ हलले, मला वाटलं आता विचारणार. मला आजही वाटतं की त्याने विचारलं असतं तर आत्या कदाचित गेली असती. इतकी ती एकटी होती. पण त्याने मान वळवली आणि माझ्या वडिलांना विचारलं, "मंग पाव्हणं, काय, पाठवताव ना?"

आत्याने पाटी उचलली आणि शेण टाकायला निघून गेली. तिच्या दृष्टीने बैठक संपली होती. वडील उठून उभे राहिले. आमचे वडील भांडखोर नाहीत, त्यांना चार माणसांत मान वर करून बोलणंसुद्धा जड जातं. ते फक्त म्हणाले, "तिनं तुमाला इचारायला सांगितलं हुतं, मला न्हाई." जीप गेली. साडी मुकादम परत घेऊन गेला, कुणाला तरी लागेलच म्हणून.

वडील मात्र लगेच गेले नाहीत. उन्हं कलेपर्यंत ते काही ना काही करत राहिले. दावं बदललं, बैलाचे खूर बघितले, जाळी ओढून बांधली. मग म्हशीपाशी येऊन उभे राहिले. आत्या पेंडीचं आंबोण कालवत होती. वडिलांनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हशीकडेच बघत म्हणाले, "तुला काय पायजे?"

आत्याला वाटलं, म्हशीला विचारतायत. तिने सांगितलं, "पेंड घातलीय तिला."

"तिला न्हाई. तुला." वडील अजून म्हशीकडेच बघत होते. "न्हाई, म्हंजी... पुढचं. तुला कसं ऱ्हायचंय. सांग तू."

आत्याचा हात आंबोणात तसाच राहिला. तिचं लग्न ठरलं तेव्हा हाच भाऊ पंगतीत वाढत होता, आणि ती परत आली तेव्हा यानेच गप्प राहून तिला घरात घेतलं होतं. मी वाट बघत होते की ती आता रडेल, किंवा त्याच्या गळ्यात पडेल, किंवा निदान 'इथंच राहते दादा' म्हणेल. मला ते व्हायला हवं होतं. आत्याने हात धुतला, पदराला पुसला, आणि म्हणाली, "दादा, मी इचार करते. उद्या सांगते."

वडिलांनी म्हशीच्या पाठीवरचा हात काढला. मग "बरं" म्हणून फटफटीला किक मारून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळचा डबा माझा चुलतभाऊ देऊन गेला. चारा आलेला होता, पाण्याचा टँकर येऊन गेला होता, बैलांना काही झालेलं नव्हतं. वडिलांना छावणीवर यायचं काहीच कारण नव्हतं. दुपारच्या टळटळीत उन्हात त्यांची फटफटी रस्त्यावरून आत वळली. ते थेट आत्यापाशी आले, बैलाच्या पाठीवर थाप मारायचंही विसरले, आणि टोपी काढून हातात घेऊन म्हणाले, "मंग? काय ठरवलंस?"

आत्याने त्यांना आधी बसायला पोतं दिलं, आणि मग सांगायला सुरुवात केली.